रेनोचं शेवटचं पिंप

मार्लिस हाकालाला बिअर आवडत नसे आणि ते ती सरळ सांगायची. ज्या खाणपट्ट्यातलं तांबं संपून पन्नास वर्षं झाली तरी बार संपले नाहीत, तिथे हे सांगायला छाती लागते. मार्लिसला ती होती. एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली, सरोवरावरून येणाऱ्या हिमवादळांत चालवली, आणि गाडी एकदाही खड्ड्यात घातली नाही. नवऱ्याच्या छंदाकडेही ती खराब रस्त्याकडे बघावं तसं बघायची. आहे तो आहे, सांभाळून पुढे जायचं.

नवरा, रेनो, लाकडाच्या गिरणीत कामाला होता आणि घरी बिअर बनवायचा. उन्हाळ्यात हलकी, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. ऑक्टोबरमध्ये मात्र एकच जाड, काळी, कडक बिअर. ती वीस लिटरच्या पोलादी पिंपात भरून तळघरात बटाट्यांच्या खोक्यांशेजारी तो वर्षभर मुरत ठेवायचा. फ्रिजमध्ये बिअर झोपते, तळघरात ती मोठी होते, असं तो म्हणायचा. फ्रिज हरणाच्या मांसाने गच्च भरलेला असायचा, हेही कारण होतंच, पण ते तो सांगत नसे.

गावात अशा बिअर बनवणाऱ्या अकरा जणांचं मंडळ होतं आणि मंडळाचा एक रिवाज होता. सभासद गेला की त्याची शेवटची बिअर वर्षश्राद्धाला उघडायची आणि स्पर्धेतल्यासारखे पन्नासपैकी गुण द्यायचे. मुलाहिजा ठेवायचा नाही. हा रिवाज रेनोनेच पाडला होता. मेलेल्या माणसाबद्दल लोक खोटंच बोलतात, निदान त्याच्या बिअरबद्दल तरी बोलू नये, असं त्याचं म्हणणं. म्हाताऱ्या वॉलीच्या बिअरला त्याने एकोणतीस दिले तेव्हा वॉलीची बायको दोन वर्षं त्याच्याशी बोलली नाही.

खुद्द रेनोला जन्मात अडतिसाच्या वर कधी गुण पडले नव्हते. हसण्यावारी न्यायचा, पण ते त्याला लागत असे. शेवटच्या वर्षी ऑक्टोबर लागला तेव्हा त्याच्या हातांत पातेलं उचलण्याचं बळ उरलं नव्हतं. तो खुर्चीत बसून सांगत होता आणि मित्र डेल ओस्टबी करत होता. तीन आठवड्यांनी डेलने ती बिअर पिंपात भरली आणि वाटीभर इस्पितळात नेली. रेनोने जिभेवर धरली, डोळे मिटले आणि मार्लिसला म्हणाला, "ही चाळिशी ओलांडेल. वर्षभर नीट ठेव म्हणजे झालं." पाचव्या दिवशी तो गेला.

वर्षभर नीट ठेवायची. मार्लिसने आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं नीट पोचवली होती, एक पिंप काय अवघड होतं?

डेलने गॅस भरून दिला आणि पुढच्या ऑक्टोबरपर्यंत हात लावू नकोस म्हणून बजावलं. रेनोचं गॅसचं नळकांडं रिकामं झालं होतं, हे डेलचं होतं, ते तो घेऊन गेला. मार्लिसने मान डोलावली. पण डेलला काय कळतंय, असंही तिच्या मनात आलं. रेनो दर रविवारी, चर्चला निघण्याआधी, तळघरात उतरून प्रत्येक पिंपाच्या झाकणावरची कडी ओढत असे. फुस्स असा आवाज वरपर्यंत यायचा. तीस वर्षं तिने स्वयंपाकघरात कॉफी पिता पिता तो ऐकला होता. मग ही सांभाळायचीच रीत असणार. रेनो करायचा, आता तिने करायचं.

पहिल्या रविवारी ती खाली गेली, कडी ओढली. फुस्स झालं. जिन्याच्या पायरीवर ती बसून राहिली आणि चर्चला उशिरा पोचली.

रेनो कडी ओढल्यावर नळकांडं जोडून पुन्हा गॅस भरायचा. तो भाग बिनआवाजाचा होता, त्यामुळे तो तिला ठाऊकच नव्हता.

नाताळापर्यंत आवाज दणदणीत होता. फेब्रुवारीत तळघराच्या दगडी भिंतींवर आतून बर्फाची साय धरली तेव्हा तो क्षीण झाला. ईस्टरच्या रविवारी तर कडी नुसतीच वर आली, आवाज आलाच नाही. मुरली असेल, शांत झाली असेल, अशी तिने मनाची समजूत घातली. डेलला विचारावं असं शंभरदा वाटलं. तो किराणा दुकानात भेटायचा, चर्चमध्ये पुढच्या बाकावर असायचा. पण त्याच्या तोंडून भलतंच ऐकावं लागलं तर? तिने विचारलं नाही. उन्हाळाभर बटाटे आणायलाही ती तळघरात रेंगाळत नसे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी दुपारी मंडळी जमली. अंगणात टेबल मांडलं होतं, कुणी मांसाच्या करंज्या आणल्या होत्या. डेलने पिंप वर आणलं आणि सवयीने कडी ओढली, पण आवाज आला नाही. मग त्याने झाकणावर नुसतं बोट टेकवलं. ते आतल्या आत हललं.

"मार्लिस, तू कडी ओढत होतीस का गं?"

"दर रविवारी."

"आणि गॅस?"

"तो तू भरून दिला होतास ना?"

डेल खाली बसला. त्याने हळू आवाजात सांगितलं ते एवढंच, की हे झाकण आतून बसतं, गॅस त्याला वर दाबतो म्हणून ते रबराच्या वायसरला घट्ट चिकटतं. गॅस गेला की ते नुसतं झाकण. हवा आत-बाहेर करायला मोकळी.

मार्लिस म्हणाली, ओता.

सगळ्यांत आधी तिनेच घोट घेतला. काहीच कळेना. तिला प्रत्येक बिअर अशीच लागायची. मग तिने इतरांची तोंडं बघितली. सगळेजण पेल्यातच बघत होते. मंडळातली सगळ्यांत तरुण, जोडी नावाची मुलगी, म्हणाली की छान मुरलीय.

"जोडी, खोटं बोलताना तू मान हलवतेस. माझ्या बसमध्येसुद्धा हलवायचीस."

जोडी रडायला लागली. मार्लिसने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. तिने डेलला गुणांचा कागद मागितला.

"या खेपेला राहू दे," डेल म्हणाला.

"वॉलीच्या बायकोला विचारलं होतंत, राहू दे का म्हणून?"

डेलने कागद काढला. लिहायला त्याला वेळ लागला. पन्नासपैकी चौदा. खाली शेरा: ओल्या पुठ्ठ्याची चव, आंबूस वास, हवा शिरली आहे.

मार्लिसने ते दोनदा वाचलं. मग विचारलं, "पिंपात भरलीस तेव्हा चाखली होतीस ना? तेव्हा किती दिले असतेस?"

"आता ते कशाला?"

"मी विचारतेय."

डेल रस्त्याकडे बघत म्हणाला, "बेचाळीस. मुरल्यावर आणखी एखादा."

कागदावर वरच्या ओळीत बनवणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. तिथे डेलने रेनो हाकाला लिहिलं होतं, आणि हा कागद मंडळाच्या फायलीत वॉलीच्या कागदामागे कायमचा लागणार होता. मार्लिसने त्याच्या हातातून पेन घेतलं. चौदाच्या पुढे, बसमधल्या पोरांच्या हजेरीपटावर लिहायची तशा ठसठशीत अक्षरांत तिने लिहिलं: साठवण, मार्लिस हाकाला. कागद परत दिला.

करंज्या तशाच झाकून लोक लवकर पांगले. पिंप खाली नेऊन ठेवू का, असं डेलने विचारलं. ती नको म्हणाली. दोघांनी ते कुंपणापलीकडच्या उतारापर्यंत नेलं, झाकण काढलं आणि आडवं केलं. वीस लिटर वाहून जायला बराच वेळ लागतो. काळं पाणी गवतातून वाट काढत होतं आणि ती दोघं पिंपाला एकेका बाजूने धरून उभी होती.