आमच्या क्लबचा पहिला गोलकीपर

आमच्या फुटबॉल क्लबचा इतिहास लिहून द्या, असा फोन मार्चमध्ये आला. फोन करणारी क्लबची सध्याची सेक्रेटरी, मुंबईची, माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान. म्हणाली, "काका, वेबसाइट नवीन करतोय. सुरुवातीपासूनचे तुम्ही एकटेच उरलात. एक पानभर द्या ना, प्लीज." मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर सुखावलोच.

क्लब म्हणजे फार मोठं काही नाही. इथे अमेरिकेत, पिस्कॅटवे गावातल्या एका पार्कच्या मागच्या मैदानावर रविवारी सकाळी जमणारी माणसं. कुठल्याही लीगमध्ये आम्ही कधी नव्हतो, आजही नाही. आजूबाजूच्या तशाच संघांना फोन करून मॅच ठरवायची, गवतावर रानहंसांनी करून ठेवलेली घाण फावड्याने बाजूला सारायची आणि खेळायचं.

लॅपटॉप उघडून मी पहिलं वाक्य लिहिलं: 'काही मराठी मित्रांनी एकत्र येऊन हा क्लब सुरू केला.' वाचायला बरं वाटत होतं, पण ते खोटं होतं. क्लब एकाच माणसाने सुरू केला होता. आणि तो सोडून का गेला, ते मला चांगलं ठाऊक होतं.

मी पुण्याहून व्हिसावर आलो तेव्हा आमच्या अपार्टमेंटच्या आवारात एक टेनिस कोर्ट होतं. त्याच्या भिंतीवर एक माणूस रविवारी एकटाच चेंडू फेकायचा आणि झेप घेऊन परत पकडायचा. तास-तासभर. एकदा मी उगाच बघत उभा होतो, तर त्याने विचारलं, "लाथ मारता येते का?"

मी म्हटलं, "अं?"

"चेंडूला रे. मी गोलकीपर आहे. भिंत काही कॉर्नर घेत नाही."

तो नागपूरचा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आम्ही सगळेच त्याला भाऊ म्हणायला लागलो. तेव्हा इथे माझं कुणी नव्हतं. शनिवारी मी धुणं धुवायचो आणि रविवारची वाट बघायचो. दोघांचे सात झाले, सातांचे वीस. मैदान मिळावं म्हणून भाऊ ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी टाकून टाउनशिपच्या पार्क खात्यात जाऊन बसला आणि परमिट घेऊनच उठला. जाळी त्याचीच, ती टांगायचा तोच, रेषा मारायचा तोच. मी त्याच्या हाताखाली ईमेल लिहायचो, कारण माझं इंग्रजी बरं आहे असं त्याचं मत होतं. दुसऱ्या संघांशी तारखा ठरवायचं काम असं माझ्याकडे आलं.

तिसऱ्या वर्षी आमची पहिली मोठी मॅच ठरली. शेजारच्या गावातला एक तेलुगू मुलांचा संघ होता, आमच्यापेक्षा जुना. एप्रिलमधला तिसरा रविवार. मॅच ठरली त्याच आठवड्यात भाऊने क्लबच्या ग्रुपवर निमंत्रण टाकलं. चौदा एप्रिलच्या जयंतीचा कार्यक्रम त्या रविवारी एका हॉलमध्ये होता, तो आयोजकांपैकी होता, सगळ्यांनी सहकुटुंब यावं. खाली कुणी हात जोडले, कुणी अंगठा दाखवला. शब्द कुणीच लिहिला नाही. मीही नाही. दुसऱ्या दिवशी एकाने मला फोन करून विचारलं, "अरे, भाऊ त्यांच्यातला आहे, तुला माहीत होतं?" मी "हो, असेल," म्हणालो आणि विषय बदलला. विषय बदलला की आपण चांगले, असं मला तेव्हा वाटायचं.

रविवारच्या सरावानंतर जाळी गुंडाळता गुंडाळता भाऊ म्हणाला, "मॅच एक आठवडा पुढे जाते का बघ ना. विचारून तर पाहा त्यांना."

"विचारतो," मी म्हणालो.

मी विचारलं नाही. एक ईमेल लिहायची होती, तीन ओळींची. सोमवारी लिहिणार होतो, मंगळवारी लिहिणार होतो. नुसता आळस असता तर आज मला इतकं लागलं नसतं. मनात कुठेतरी असं होतं, की आत्ता मॅच हलवली तर का हलवली हे वीस जणांना सांगावं लागेल, मग कुणीतरी काहीतरी बोलेल, मग मला बाजू घ्यावी लागेल. त्याच क्लबने गणपतीत दोन रविवार कुणालाही न विचारता कॅन्सल केले होते. ते मीच केले होते. तेव्हा कुणाला काही समजावून सांगावं लागलं नव्हतं.

गुरुवारी भाऊचा फोन आला. "काय म्हणाले ते?"

"नाही म्हणाले रे. त्यांना जमत नाही."

"बरं," तो म्हणाला. "मग माझे ग्लोव्हज घेऊन जा. दुसरा कोणी उभा राहील त्याला लागतील."

त्या मॅचला मी गोलमध्ये उभा राहिलो, त्याचे ग्लोव्हज घालून. आम्ही दोन-एक जिंकलो. मॅचनंतर काढलेला फोटो क्लबचा पहिला फोटो म्हणून आजही सगळीकडे असतो. त्यात भाऊ नाही.

त्यानंतरही तो येत राहिला. एप्रिल, मे, जून. पूर्वीसारखाच जाळी टांगायचा, पूर्वीसारखाच ओरडायचा. माझ्याशी मात्र कामापुरतं बोलायचा. किंवा मला तसं वाटायचं. जूनच्या शेवटच्या रविवारी त्याने परमिटची फाइल माझ्या हातात दिली. नोकरी बदलतोय, लांब पडतं, असं म्हणाला. मी "अरे, असं कसं," वगैरे म्हणालो. थांब मात्र म्हणालो नाही. फाइल घेताना मला हलकं वाटलं होतं, आणि त्या हलकं वाटण्याची लाज मला पुढे कितीतरी वर्षं पुरली.

हे सगळं आठवल्यावर पानभर इतिहास पुढे सरकेना. शेवटी एका जुन्या मित्राकडून भाऊचा नंबर मिळवला. मेसेज केला, भेटायचंय. त्याने फक्त एका पार्कचा पत्ता पाठवला आणि लिहिलं, 'रविवार, नऊ वाजता.'

चाळीस मिनिटं ड्राइव्ह करून गेलो. युनिव्हर्सिटीत शिकणारी महाराष्ट्रातली दहा-बारा मुलंमुली होती आणि गोलमध्ये भाऊ. केस पांढरे, झेप तीच. मला बघून म्हणाला, "आलास? बूट आणले का?"

मी बूट नेले नव्हते.

ब्रेकमध्ये आम्ही बाकावर बसलो. मी रस्ताभर घोकलेलं विसरून एकदम म्हणालो, "भाऊ, तेव्हा मी त्यांना विचारलंच नव्हतं."

"माहीत आहे मला."

"कसं?" मी विचारलं.

"त्यांचा कॅप्टन ऑफिसात माझ्याच मजल्यावर बसायचा. मॅचनंतर सोमवारी जेवताना मी त्याला सहज म्हटलं, एक आठवडा पुढे गेलं असतं तर काय बिघडलं असतं बाप्पा? तो म्हणतो, आम्हाला तर कोणी विचारलं नाही. आमचेच तीन जण बाहेर होते, उलट बरं झालं असतं."

"मग बोलला काहून नाहीस?" माझ्या तोंडून त्याचाच नागपुरी शब्द निघाला.

"काय बोलणार होतो? वाट पाहून राहिलो होतो, तू सांगशील म्हणून. जूनपर्यंत पाहिली."

मी माफी मागितली. नीट जमली नाही. तो "ठीक आहे" म्हणाला नाही, आणि तेच बरोबर होतं. मग म्हणाला, "लिहायचं असेल तर लिही. पण मला बरं वाटावं म्हणून नको लिहू. माझं इथे चांगलं चाललंय." आणि ग्लोव्हज चढवून परत गोलमध्ये जाऊन उभा राहिला.

घरी येऊन मी सगळं लिहिलं. टेनिस कोर्ट, परमिट, जयंती, न लिहिलेली ईमेल. चार दिवसांनी सेक्रेटरीचा फोन आला. "काका, फाउंडरचा भाग सुपर्ब आहे, कुणालाच माहीत नव्हतं. पण ते मॅचच्या तारखेचं… कमिटीत दोघातिघांना जरा ऑकवर्ड वाटतंय. तो एक पॅरा काढला तर चालेल ना?"

मी म्हणालो, "काढू नकोस. काढायचाच असेल तर सगळंच काढ."

"काका, यार…" ती म्हणाली, आणि विचारून सांगते म्हणाली.

अजून पान लागलेलं नाही. वेबसाइटवर 'लवकरच' असं दिसतं. भाऊला मी हे कळवलेलं नाही. पण परवाच्या रविवारी मी बूट घेऊन त्याच्या मैदानावर गेलो होतो. त्याने मला कॉर्नर मारायला लावले, सगळे पकडले, आणि जाताना "ये" किंवा "नको येऊस" यातलं काहीच बोलला नाही.