बंदूक कुणी आणली

मालनबाई आमच्याकडे पोळ्या करतात. कोथरूडमध्ये पोळ्यांच्या बाईंकडून शेजारच्या चार घरांच्या बातम्या मिळाव्यात अशी रीत आहे. मालनबाई त्यातलं काही सांगत नाहीत, त्यामुळे आमच्या सोसायटीत त्यांना भाव जरा कमीच. मला त्या आवडतात. कणीक मळताना त्या एकाच माणसाबद्दल बोलायच्या, नवऱ्याबद्दल, आणि तेही तक्रारीच्या सुरात.

नवरा उत्तरेश्वर, उमरग्याकडचा. फौजेतून निवृत्त झाल्यावर सीमेपलीकडे कर्नाटकात, बिदरला एका पतपेढीच्या दारात बंदूक घेऊन उभा राहायचा. बंदूक स्वतःची, दुनळी, तिकडच्याच परवान्यावर घेतलेली. ती होती म्हणून गनमॅनचा पगार, नाहीतर नुसता वॉचमन. मालनबाई मुलीच्या शिक्षणासाठी पुण्यात आणि तो तिकडे. बंदुकीला त्या सवत म्हणायच्या. तिला रोज तेलपाणी होतं, आपल्याला मात्र फोनसुद्धा आठवड्याने, असं म्हणून लाटणं जरा जोरातच फिरवायच्या.

मागच्या वर्षी होळीच्या सुमाराला उत्तरेश्वर खोलीवर झोपेतच गेला. गावी सगळं उरकल्यावर खोली रिकामी करायला मालनबाई एकट्याच बिदरला गेल्या. पतपेढीच्या लोकांनी ट्रंक, अंथरूण, चार भांडी आणि खोळीतली बंदूक त्यांच्या पुढ्यात ठेवली. वस्तू त्याची आहे, घेऊन जा म्हणाले आणि मोकळे झाले. नवऱ्याचं जे काही आहे ते घरी न्यायचं, एवढंच त्या वेळी मालनबाईंना कळत होतं. बंदूक त्यांनी गोधडीत गुंडाळली आणि पुण्याच्या बसमध्ये मांडीवर घेऊन बसल्या. हद्दीवर तपासणीला पोलीस चढले, दारूच्या बाटल्यांसाठी लोकांच्या पिशव्या दाबून पाहिल्या. रडून डोळे सुजलेल्या बाईच्या गोधडीला कोण हात लावणार? त्यांच्या सुतारदऱ्यातल्या खोलीच्या माळ्यावर ती बंदूक पडून राहिली.

मला हे कळलं दसऱ्याला. सकाळपासून फोनवर सोन्यासारख्या माणसांना सोन्यासारख्या शुभेच्छांचा रतीब चालू होता. त्यात मालनबाईंच्या मुलीचं, प्रियदर्शनीचं स्टेटस दिसलं. पाटावर बंदूक, तिला हळदकुंकू, झेंडूची माळ, शेजारी विळी आणि कोयता, आणि खाली 'मिस यू बाबा'. मला वाटलं, खरी तिकडेच जमा झाली असेल, ही खेळण्यातली.

प्रियदर्शनी पोलीस भरतीत निवडली गेली होती. मैदानी झाली, लेखी झाली, आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती. अशा मुलीने हा फोटो लावावा, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. बाबांकडे लायसन होतं, एवढंच तिच्या डोक्यात. भरतीची तयारी करून घेणाऱ्या तिच्या अकादमीतल्या एका मैत्रिणीने विचारलं, माणूस गेल्यावर त्याचं लायसन चालतं का, आणि कर्नाटकातलं महाराष्ट्रात चालतं का. स्टेटस लगेच उडालं आणि मुलीच्या तोंडचं पाणी पळालं. दुपारी मायलेकी आमच्या हॉलमध्ये बसल्या होत्या.

आमच्या ह्यांनी, श्रीधररावांनी, पेपर बाजूला न ठेवता सल्ला दिला. "मुठेत टाकून द्या. त्या नदीत अजून काय पडायचं राहिलंय?"

मालनबाईंनी पाण्याचा पेला न पिताच खाली ठेवला. मग ह्यांनाच ओशाळल्यासारखं झालं आणि त्यांनी एका वकील मित्राला फोन लावला. तो म्हणाला, स्वतःहून पोलिसांत जा, पण बंदूक घेऊन रस्त्याने मिरवू नका, एकदा आणलीत तेवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी रिकाम्या हातांनी चौकीत गेलो. फौजदार मध्यमवयाचा होता, आवाज न चढवता बोलणारा. त्याने शिपाई पाठवून बंदूक मागवली, ती रिकामी आहे ना ते पाहिलं, सगळी हकीकत ऐकून घेतली. प्रियदर्शनीने भरतीचंही न विचारता सांगून टाकलं. तो तिच्याकडे पाहत राहिला, मग त्याने पेन खाली ठेवलं.

"ताई, आपण असं लिहू," तो मालनबाईंना म्हणाला. "तुमच्या मिस्टरांनीच शेवटच्या सुट्टीत ती इकडे आणली आणि माळ्यावर ठेवली. तुम्हाला दसऱ्याच्या साफसफाईत सापडली. मेलेल्या माणसावर केस चालत नाही. तुम्ही सुटाल आणि पोरीचंही अडणार नाही."

मी आभार मानायला सुरुवातही केली होती. उत्तरेश्वरला आता काय फरक पडणार होता?

"न्हाई साहेब," मालनबाई म्हणाल्या. "म्या आनली. त्यांनी कंदी हद्दीच्या भाईर नेली न्हाई. सनाला घरी यायचं म्हनलं की ठान्यात जमा करून यायचे, मग गाडीत बसायचे. जन्मभर नियमानं राहिलेल्या मानसाला मेल्यावर चोर करता व्हय?"

मी टेबलाखालून त्यांचा हात दाबला. त्यांनी तो सोडवून घेतला. खरं सांगते, मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. पोरगी पहाटे उठून टेकडीवर धावली होती, रात्री अभ्यासाला बसली होती, आणि ही बाई एका मेलेल्या माणसाच्या अब्रूपायी ते सगळं घालवायला निघाली होती.

फौजदार प्रियदर्शनीकडे वळला. "नोकरी तुझी आहे. तू सांग."

तिने आईकडे पाहिलं. बाहेर कुणीतरी हरवलेल्या मोबाइलवरून हुज्जत घालत होतं. मग तिने ओढणीने नाक पुसलं आणि म्हणाली, "आईनं आणली साहेब. तसंच लिहा."

पुढचं आधीच सांगून टाकते. मालनबाईंवर गुन्हा नोंदला गेला. जामीन झाला, कोर्टाच्या तारखा चालू आहेत, तारखेच्या दिवशी आमच्याकडे पोळ्या उशिरा होतात आणि ह्यांनी त्याबद्दल आजवर चकार शब्द काढलेला नाही. प्रियदर्शनीच्या बरोबरीच्या मुली प्रशिक्षणाला गेल्या. आईवरचा गुन्हा मुलीला बाधत नाही असं आमचा वकील म्हणतो, पण तिची फाइल अजून कुठल्यातरी टेबलावर पडून आहे. ती आली की मला तिच्याकडे नीट बघवत नाही.

पण त्या दिवशी जबाब लिहून झाल्यावरही मालनबाई सहीला तयार होईनात. नवऱ्याने बंदूक कधी हद्दीबाहेर नेली नव्हती, तेही घाला म्हणाल्या. फौजदार म्हणाला, गुन्हा तुमच्यावर आहे, त्यांचा यात संबंधच नाही, त्याची गरज नाही. त्या तशाच बसून राहिल्या. शेवटी त्याने शेवटच्या ओळीखाली आणखी एक ओळ घातली आणि कागद मुलीकडे दिला.

प्रियदर्शनीने वाचलं, "माझे मयत पती यांनी सदर बंदूक हयातीत कधीही कर्नाटक राज्याच्या हद्दीबाहेर नेलेली नाही."

"परत वाच," मालनबाई म्हणाल्या. तिने परत वाचलं. मग त्यांनी पदराने हात पुसले आणि सही केली.