कोर्टाची मागची बाजू

आयोवा हे अमेरिकेच्या मधोमध वसलेलं, मक्याचं राज्य. तिथल्या तालुक्याच्या गावांना एक चौक असतो आणि चौकात त्या गावाला पेलणार नाही एवढं मोठं कोर्ट. दगडी भिंती, कमानी, वर घड्याळाचा मनोरा. मी आयोवाला कधी गेलेलो नाही. त्यातलं एक कोर्ट आम्ही शारजातल्या हमरिया फ्री झोनमध्ये फायबरग्लासचं बनवलं, एवढाच आमचा संबंध.

दुबई मरीनामधल्या एका नव्या रेस्टॉरंटला आतून अमेरिकन गाव व्हायचं होतं. कोर्ट, धान्याचं लाल कोठार आणि छप्पर असलेला लाकडी पूल, अशी ऑर्डर होती. आमच्या कंपनीत ड्रॉइंग करण्याचं काम माझं. आजवर मी एक रोमन स्नानगृह, दीड राजवाडा आणि एका मॉलसाठी इजिप्तचे बरेच राजे काढले आहेत, त्यामुळे भव्यतेचं मला फारसं कौतुक उरलेलं नाही. रेस्टॉरंटच्या मॅनेजरने दोनच सूचना दिल्या. इमारत शंभर वर्षं जुनी दिसली पाहिजे आणि कुठेही घाण दिसता कामा नये. हे कसं जमवायचं ते त्याने माझ्यावर सोडलं आणि मी मामांवर.

मामा राजापूरकडचे. वर्कशॉपमधले पठाण आणि मल्याळी कामगारसुद्धा त्यांना मामाच म्हणतात. फायबरवर दगड रंगवण्यात त्यांचा हात धरणारा आमच्याकडे कोणी नाही. त्यांनी कोर्टाच्या खिडक्यांखाली पाण्याचे काळे ओघळ काढले आणि त्यात थोडं शेवाळ सोडलं.

"मामा, तिथे बर्फ पडतो. हा राजापूरचा पाऊस झाला."

"पाणी कुठलंही असू दे साहेब, येतं खालीच."

शेवाळ पुसलं, ओघळ राहिले.

काम संपत आलं तेव्हा एकदा चहाच्या वेळी मामांनी विचारलं, "साहेब, याला मागची बाजू करता येईल का?"

मागे रेस्टॉरंटच्या किचनची भिंत येणार होती. मागची बाजू ड्रॉइंगमध्येच नव्हती, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मग हळूहळू कळलं. मुलाला यंदा दुबईत नोकरी लागली होती आणि त्याने आईला व्हिजिट व्हिसावर बोलावलं होतं. इतक्या वर्षांत मामी प्रथमच येत होत्या. गावात सगळ्यांचा समज असा की मामा परदेशात राजवाडे बांधतात. मामांनी तसं कधी सांगितलं नव्हतं, फोटो मात्र नेहमी समोरून काढून पाठवले. आता मामींना कोर्ट बघायचं होतं. शनिवारी ते सुटं करून ट्रकवर चढणार, म्हणून शुक्रवारी यार्डात उभं असतानाच त्या येणार होत्या.

"मागे गेली तर?" मामा म्हणाले. "वीस वर्षांची अब्रू आहे साहेब."

"जाऊ नका देऊ."

"तुम्ही तिला ओळखत नाही."

माझं जरा वाचन असल्यामुळे मला धीर द्यायची सवय आहे. सांगितलं की आयोवाकडच्या खऱ्या कोर्टांमध्येही काही ठिकाणी वरचं काम पत्र्याचं असायचं आणि त्याला दगडासारखा रंग दिलेला असायचा. शेजारच्या गावापेक्षा मनोरा उंच हवा, पण दगड परवडत नाही, अशी अडचण.

मामांनी ब्रश झटकला. "म्हणजे ते पण आपल्यासारखेच. पण त्यांना आत जाता येत असंल की. खुर्च्या तरी असतील."

शेवटी आम्ही मागून एक निळी ताडपत्री बांधली.

शुक्रवारी मुलगा मामींना घेऊन आला. ठेवणीतली साडी, पायात मुलाचे स्पोर्ट्स शूज. त्या मान वर करून मनोरा बघत राहिल्या.

"केवढं हो हे."

मामा ताठ झाले. ही कमान, हे घड्याळ, असं दाखवू लागले.

"न्यायाधीश कुठे बसतो?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. देखाव्यांवर आयुष्यभर टीका केलेला मी पटकन म्हणालो, "वरच्या मजल्यावर."

मामींनी भिंतीवरून हात फिरवला. मग बाजारात माठ वाजवून घेतात तशी बोटाच्या पेराने ती वाजवली, आणि सरळ मागे गेल्या. ताडपत्री वर झाल्याचा आवाज आला. तिथे लोखंडी अँगल, बोल्ट, फायबरचे खरबरीत धागे आणि खिळ्याला अडकवलेला कुणाचा तरी शर्ट होता. मामा आकाश बघू लागले.

आतून आवाज आला, "अहो, हे पोकळ आहे."

"हो."

"सगळंच?"

"सगळंच."

"आणि ते राजवाडे?"

"ते पण."

"किल्ला?"

"किल्ला तर अर्धाच होता."

मामी बाहेर आल्या, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसता हसताच त्या सांगू लागल्या. मामा आधी गवंडी होते, हे मला त्या दिवशी कळलं. जांभ्याचे चिरे उचलून कंबर धरली आणि दोन महिने अंथरुणावर काढले, म्हणून त्यांनी गाव सोडलं होतं.

"मला वाटायचं, हा माणूस तिकडे त्याहून मोठे दगड उचलतो," मामी म्हणाल्या. "दर सोमवारी देवाला सांगते, यांची कंबर सांभाळ. फोनवर विचारलं की म्हणतात, बरी आहे. मी म्हणायचे, खोटं बोलतात."

"खरंच बरी होती गं."

"ते आता कळलं."

बाजूला कोपऱ्याचा एक जादा दगड पडला होता. त्यांनी तो एका हाताने उचलून पाहिला, पुन्हा हसल्या आणि मामांच्या हातात दिला.

मामांनी घसा साफ केला. "गावात काय सांगशील?"

"पोकळ सांगू? भावजय वर्षभर बोलून दाखवील," मामी उठत म्हणाल्या. "सांगेन, कोर्ट बांधून झालं. आता यांना जरा आराम आहे."