होडीचं बूच

मी तीसेक वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. आठवीला 'द्रवाचा दाब' शिकवताना पत्र्याच्या डब्याला भोक पाडायचो आणि पाण्याची धार काढून दाखवायचो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना माझी कीव करायचं कुणाच्या मनात येणार नाही.

माझे सासरे होटगीच्या तलावावर मासे धरता धरता म्हातारे झाले. त्यांना मी मामा म्हणतो. चार वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं, डावा पाय लुळा पडला आणि त्यांची पत्र्याची होडी काठावर पालथी पडून गंजत राहिली. मेहुण्यानं ती भंगारात द्यायचं ठरवलं. त्याचं तरी काय चुकलं? बाप एक दिवस खुरडत जाऊन होडीत बसेल आणि बुडेल, ही धास्ती त्याला होती. मामांनी जेवणच सोडलं.

मग मी, सोलापूरचा शहाणा जावई, मध्ये पडलो. म्हटलं, "होडी मी दुरुस्त करून आणतो, मामांना घेऊन काठाकाठानं एक फेरी मारतो. नीट परत आलो तर होडी राहील. गडबड झाली तर खुशाल भंगारात घाल."

"दाजी, तुमाला पवायला तरी येतंय का?" मेहुण्यानं विचारलं.

"त्याची वेळच येणार नाही," मी म्हणालो. पोहायला येत नव्हतं.

शहरात टेम्पोच्या बॉड्या बांधणारा एक मिस्त्री ओळखीचा होता. त्यानं जन्मात होडीला हात लावला नव्हता, पण काम असं चोख केलं की बघत राहावं. ठिगळं जोडली, पोचे काढले, निळा रंग दिला आणि सवयीनं मागच्या बाजूला 'अंतर ठेवा' असंही लिहिलं. आत साचलेलं पाणी काढायची काहीतरी सोय कर, असा लकडा मीच लावला होता. म्हणून त्यानं तळाला अंगठ्याएवढं भोक पाडून रबरी बूच बसवलं.

"मास्तर, ये किनारे पे लाके खोलनेका. पानी में नक्को खोलो हां."

मला राग आला. विज्ञानाच्या मास्तराला हे सांगायचं?

रविवारी सकाळी मेहुण्यानं मामांना उचलून होडीत बसवलं आणि काठावर मोबाइल धरून उभा राहिला. मामांनी सगळ्या ठिगळांवरून हात फिरवला. "झ्याक केलंय की," म्हणाले, आणि मी फुगलो. वल्ही मारायला घेतली तर होडी जागच्या जागी गोल फिरायला लागली.

"जावाई, तळं पुढं हाय," मामा शांतपणे म्हणाले.

कसंबसं पुढं गेलो. मामांनी गळ टाकला. मीही टाकला, तो माझ्याच शर्टात अडकला. तो सोडवता सोडवता बघतो तर काय, माझ्या वल्ह्यांनी उडवलेलं पाणी होडीत साचून नवी चप्पल भिजलेली. म्हटलं, अरे, एवढी सोय करून घेतलीय ती कशासाठी? वाकलो आणि बूच जोर लावून ओढलं. ते सुटलं, हातातून उडालं आणि डुबुक्कन तलावात गेलं. आणि होडीच्या तळातून पाण्याचं कारंजं उभं राहिलं! अगदी माझ्या डब्याच्या प्रयोगासारखं. फरक एवढाच की या खेपेला डब्यात मी होतो.

"मामा, बुड..."

"गप! वरडू नगा. पोरगं बगतंय."

त्यांनी दोन्ही हातांनी लुळा पाय उचलला आणि टाच भोकावर दाबून ठेवली. धार थांबली.

"चार वर्सं ह्येला नुसतं संगं वागवतोय," पायाकडं बघत ते म्हणाले. "आज कामाला आला."

मी जेवणाच्या डब्याच्या झाकणानं पाणी उपसत होतो. "मामा, परत फिरू या."

"आत्ताच? गळ टाकलाय की."

तासभर बसले. टाच जागची हलू दिली नाही, हातभर लांब मरळ धरली आणि गुणगुणत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि त्यांच्याकडं बघून रडूही येत होतं.

काठावर मेहुण्यानं त्यांना उचललं. टाच पांढरीफटक पडलेली, तिच्यावर गोल लाल वळ. त्यानं टाच बघितली, होडीचा तळ बघितला, मग माझ्याकडं बघितलं.

"दाजी, बूच कुटं हाय?"

खोटं बोलायचा धीर झाला नाही. "पाण्यात. मीच उघडलं. चूक माझी आहे. बोलाव तुझ्या भंगारवाल्याला."

"त्येला कशाला?" मुलाच्या हातांवरूनच मामा कडाडले. "होडीत काय बी खोट न्हाय. खोट जावयांत हाय. त्येस्नी देतोस का भंगारात?"

मेहुणा आधी हसायचं नाही म्हणून तोंड आवळून उभा होता. मग त्याला आवरेना, आणि बापाला घेऊन तो तिथंच वाळूत बसला.

होडी राहिली. मिस्त्रीनं ते भोक वेल्डिंग करून कायमचं बंद केलंय. तरी दर रविवारी होडीत बसलं की मामा आधी दोन्ही हातांनी डावा पाय उचलतात आणि नेमका तिथंच ठेवतात.