पातळीबुवांचा एक खोटा आकडा

पुलाच्या खांबावर रंगवलेल्या आकड्यांवरून नदीची उंची वाचायची आणि वहीत लिहायची, एवढीच नोकरी त्यांनी चौतीस वर्षं केली. म्हणून लोक त्यांना पातळीबुवा म्हणत. "काय बुवा, आज चहात पाणी किती?" हा विनोद प्रत्येक चहावाल्याला स्वतःचाच वाटायचा. बुवा हसायचे. बायको गेल्यापासून तेही नोंद केल्यासारखंच, वेळेवर आणि कोरडं. आत काही म्हणजे काही हलत नसे.

निवृत्तीनंतर सहा वर्षांनी एक इंजिनिअर बाई जुन्या वह्या घेऊन घरी आल्या. नदीकाठाने मोठमोठी शहरं जोडणाऱ्या वेगवान रेल्वेची आखणी चालली होती. रूळ किती उंचावर टाकायचे, ते आजवरच्या सगळ्यात मोठ्या पुरावरून ठरणार होतं. तो आकडा बुवांच्याच अक्षरात होता. दहा मीटर.

"तुमच्या नोंदींना तोड नाही, काका. आम्ही सगळं यावरच बेतलंय."

बुवांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. लेक चहा घेऊन तिथंच उभी होती. आता बोललं तर चौतीस वर्षांची अब्रू तिच्यादेखत जाणार. पण उद्या त्या रुळांवरून माणसं जाणार होती.

"तो आकडा खोटा आहे," ते म्हणाले. निदान लाज तरी वाटेल असं त्यांना वाटलं होतं. तीही वाटली नाही. "त्या दिवशी मी पुलावर गेलोच नाही. हिची आई शेवटच्या घटका मोजत होती. पाणी घरात शिरलेलं. दुसऱ्या दिवशी अंदाजपंचे दहा ठोकून दिले."

"मग खरं पाणी किती होतं?"

भिंतींना तेव्हापासून तीनदा रंग लागला होता, पुराची खूण कुठेच उरली नव्हती. खाट मात्र तीच होती. बुवांनी परसातून विटा आणल्या आणि त्या दिवशी रचल्या होत्या तशाच खाटेच्या प्रत्येक पायाखाली चार-चार रचल्या. मग लेकीला म्हणाले, "जरा आडवी हो. तू आईच्याच बांध्याची आहेस. डावा हात खाली सोड."

पुराच्या वेळी ती पाच वर्षांची होती, मावशीकडे ठेवलेली. ती आडवी झाली, डावा हात खाली सोडला.

"मधल्या बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत होतं पाणी," बुवा म्हणाले.

बाईंनी जमिनीपासून टेप लावला, बाहेर मोजणीची दुर्बीण मांडून पुलाच्या खांबाशी उंची ताडून पाहिली. दहा मीटर अडुसष्ट. म्हणजे रूळ वर चढवावे लागणार. बुवांनी वही मागून घेतली, जुना आकडा खोडला, नवा लिहिला आणि शेजारी सही केली.

लेक अजून तशीच पडून होती.

"बाबा, आईचा हात असा लोंबत होता... म्हणजे तुम्ही धरला नव्हता?"

"नाही गं," बुवा म्हणाले. "मी पाणी बघत होतो."