भाड्याच्या खोलीत उतरलेली अम्मा

म्हैसुरात मी नऊ दिवस देवी होतो. एवढं सांगितलं की आमच्या घरची मंडळी पोट धरून हसतात, आणि ती हसली की मी पुढचं सांगत नाही. आता माझं वय झालं आहे, हसणारीही कमी उरली आहेत, तेव्हा राहिलेलं लिहून टाकतो.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, साताऱ्याकडचा. म्हैसूरच्या दरबारी दफ्तरात जुन्या मोडी कागदांचे गठ्ठे पडून होते. एके काळी तिथला बराच कारभार मराठीत चाले, पण ते कागद वाचणारी माणसं हळूहळू संपली. म्हणून आमच्या मुलखातून मोडी वाचणारा मागवला, तो मी. दिवसभर कागद वाचायचे आणि बाळबोध अक्षरात उतरवायचे, एवढंच काम. मला त्याचा केवढा गर्व! गावात आपल्यावाचून कुणाचं अडलं आहे, असं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं आणि नंतरही नाही.

खोली मिळाली ती आमच्याच जातीतल्या एका बाईंच्या घरी. त्यांचे पूर्वज घोड्यावर बसून इकडे आले आणि इथलेच झाले. नवरा महाराजांच्या रिसाल्यात होता, तो वारलेला. मी त्यांना मावशी म्हणे, त्या मला पाव्हणं म्हणत. घरात त्या आणि त्यांची चौदा वर्षांची मुलगी, दोघीच. दोघी मराठीत बोलत, पण वाक्य निम्म्यावर आलं की कन्नडात शिरत आणि कधी परत येत, कधी येत नसत. माझ्या खोलीला रस्त्याकडे एक खिडकी होती. त्या रस्त्यानं सकाळी राजवाड्याचे हत्ती जात, आणि छपरांच्या वर चामुंडीचा डोंगर दिसे.

ज्येष्ठात मला ताप भरला. पहिले दोन दिवस मी कुणाला सांगितलं नाही. पडल्या पडल्या छताकडे बघायचो तर छतावर मोडी चालू झालेली असायची. आधी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक सरळ रेघ, मग तिच्याखाली अक्षरं लोंबकळायची, एकाच दमात, कुठं हात न उचलता. मी वाचायचा प्रयत्न करी आणि शेवटचा शब्द येण्याआधीच ओळ खिडकीतून बाहेर निघून जाई. हत्तींच्या घंटा वाजल्या की खोलीच चालू लागली आहे असं वाटे. डोंगर चौकटीपाशी येऊन थांबे, आत यावं की नाही अशा विचारात. भीती मुळीच वाटत नव्हती. आयुष्यात इतकं हलकं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी अंगावर फोड उठले. मावशी पेज घेऊन आल्या, उजेडात माझा चेहरा पाहिला आणि भांडं खाली ठेवून त्यांनी हात जोडले.

"अय्यो, अम्मा आगिदे," त्या म्हणाल्या. "आलीस का गं बाई? आमच्या घरी आलीस?"

कांजिण्या आल्या तरी तिकडे अम्मा, म्हणजे देवी, आली असंच म्हणतात. मी टोचून घेतलेला, शिकलेला माणूस. एरवी यावर तासभर व्याख्यान दिलं असतं. पण अंगात त्राण नव्हतं. त्या क्षणापासून मी पाव्हणा उरलो नाही. दाराला कडुनिंबाचे डहाळे लागले, अंथरुणावर पाला पसरला. घरात कुणी वेणी घालीना, चप्पल घालून माजघरात येईना. चुलीवर फोडणी बंद झाली, कारण तेल तडतडलं की अम्माच्या अंगाची आग होते. मला अळणी दहीभात आणि शहाळ्याचं पाणी मिळू लागलं. आणि मावशी मला 'तू' म्हणू लागल्या, 'आलीस', 'निजलीस', 'घेतेस का'. आयत्या बिळात नागोबा, तसा मी त्या भक्तीत जाऊन बसलो.

मात्र त्या घरात त्याच महिन्यात लग्न होतं. मुलीचं लग्न तिच्या काकांनी ठरवलं होतं, ज्येष्ठाच्या अगदी शेवटच्या मुहूर्तावर. घरात अम्मा असताना मांडव घालता येत नाही. अम्मानं स्वतः जाते म्हणावं लागतं, मग हळदीच्या पाण्यानं तिची अंघोळ, मग देवळात नैवेद्य, आणि तेव्हा कुठं घर मोकळं होतं. काका अम्मा आल्याच्या पाचव्या दिवशी आले. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही, अंगणातूनच ओरडत होते.

"वयनी, मी गाडी आणतो. गावाभायेर साथीच्या रोग्यांची सरकारी शेड हाय, तिथं ठेवू ह्यांना. मुहूर्त गेला तर ते लोक थांबणार नाहीत."

"बेडा, नको," मावशी म्हणाल्या. "आलेल्या अम्माला गाडीत घालून हाकलू? ती आपण होऊन जाईल तवा जाईल. तुमी सुम्मने, गप घरी जावा."

परक्या, भाडेकरू माणसासाठी त्या बाईनं मुलीचं लग्न पणाला लावलं. माझ्यासाठी नव्हे, अम्मासाठी, हे खरं. पण शेडात मेलो असतो तो मीच. त्या दिवशी मी पाल्यात तोंड खुपसून रडलो.

सहाव्या की सातव्या दिवशीची दुपार. मावशी विहिरीवर गेल्या होत्या. मुलगी उशाशी बसून निंबाच्या डहाळीनं मला वारा घालत होती. ताप उतरत होता, पण मी अजून त्या गोड गुंगीत होतो, डोळे मिटलेले. एरवी ती माझ्याशी दोन शब्दांच्या वर कधी बोलली नव्हती. पाणी पाहिजे? दिवा आणू? एवढंच.

"अम्मा," ती म्हणाली, "ऐकतेस ना? एक मागू?"

डहाळी थांबली.

"आणखी आठ दिवस ऱ्हा. स्वल्प आठ दिवस. मग आषाढ लागतो. आषाढात कोण लगीन करत नाही, पुढं चार महिने मुहूर्त नाही. त्यांना घरात भाकरी करायला बाई पाहिजे, ते दुसरीकडं बघतील." मग हळूच, "माझ्याएवढा लेक हाय त्यांना, अम्मा. तो मला आई म्हणणार. मला भ्या वाटतं."

मी डोळे उघडले नाहीत. पण मला सगळं ऐकू आलं, आणि ऐकताना छातीत काहीतरी मोठं, ऐसपैस पसरत गेलं. खिडकीत डोंगर होता, अंगाखाली थंडगार पाला होता, आणि आपल्याला काहीही देता येईल असं वाटत होतं. मी मान हलवली. हो म्हणून हलवली. डहाळी पुन्हा सुरू झाली, पहिल्यापेक्षा जोरात, आणि ती नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणू लागली.

नवव्या दिवशी ताप नव्हता. गुंगी गेली, डोंगर आपल्या जागी जाऊन बसला, छत हे नुसतं छत झालं. अंगाला खाज सुटली होती, आणि भूक! नऊ दिवसांच्या अळणी दहीभातानं तोंडाची चव पार मेली होती. पाल्याचा वास नको, ती शांतता नको, दाढी करावी, सदरा घालावा, दफ्तरात जाऊन बसावं. देवपणाचा मला पुरता वीट आला. तेवढ्यात शेजारच्या घरात कुणीतरी सारासाठी फोडणी टाकली. मोहरी तडतडली, कढीलिंब पडला, हिंग पडला. तो वास खिडकीतून आत आला आणि माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

नेमक्या त्याच वेळी मावशी आल्या. हळद-कुंकू वाहिलं, गुडघे टेकून बसल्या.

"अम्मा, नऊ दिवस झाले. काय चुकलं असेल तर पोटात घाल. लेकीचं लगीन हाय, तुला गोत्तु हाय की. कवा जातेस, सांग."

त्यांच्या मागं दारात मुलगी उभी होती, हातात शहाळं. ती मावशींकडे नाही, माझ्याकडे बघत होती. निश्चिंतपणे बघत होती. तिला उत्तर आधीच मिळालेलं होतं.

आता इथं मी भ्रमात होतो असं लिहिलं तर मला कोण खोटं पाडणार आहे? पण मी भ्रमात नव्हतो. त्या घरात अम्माच्या तोंडून येईल तो शब्द शेवटचा, हे मला पक्कं ठाऊक होतं. 'अजून नाही' एवढंच म्हणायचं होतं. आणखी पाच-सहा दिवस दहीभात खायचा होता, बस्स. मनात मी कारणंही जमवली: मावशींचे उपकार आहेत, लग्न मोडलं तर बदनामी त्यांचीच, पोरीला काय कळतं. सगळी कारणं खरी होती. पण ती त्या वासानंतर सुचली.

"मंगळवारी," मी म्हणालो.

मावशींनी जमिनीला कपाळ टेकलं. मुलगी क्षणभर तशीच राहिली. मग आत आली, शहाळं माझ्या उशाशी ठेवलं, आईशेजारी बसली आणि तिनंही कपाळ टेकलं. मान वर केली तेव्हा तिचा चेहरा मला वाचता आला नाही.

मंगळवारी उन्हात तापवलेल्या पाण्यात हळद आणि निंब घालून मला अंघोळ घातली. बुधवारी मी दोन वाट्या सार प्यायलो. लग्न ठरल्या दिवशी, ठरल्या मुहूर्तावर झालं. नवरा वाईट माणूस दिसला नाही, थकलेला दिसला. त्याचा मुलगा अंगणात गोट्या खेळत होता.

निघताना ती सगळ्यांच्या पाया पडली, माझ्याही पडली. मावशी मला पुन्हा पाव्हणं, तुम्ही म्हणू लागल्या होत्या. मुलगी म्हणाली, "तब्येत सांभाळा. ऊन लागू देऊ नका." आवाजात काही नव्हतं, राग नव्हता, टोमणा नव्हता. मी कितीदा तो आवाज आठवून तपासला आहे. तिच्या लेखी मी आजारी पडलेला एक भाडेकरू होतो. बोलली होती ती अम्मा.

वरातीचा जटका गल्लीच्या टोकाला मारम्माच्या, म्हणजे त्याच अम्माच्या, देवळापाशी थांबला. नवी नवरी देवीला नमस्कार केल्याशिवाय गाव सोडत नाही. मावशी खाली उतरल्या, काका उतरले, नवरा उतरला. तिला दोनदा हाक मारली. ती उतरली नाही. पदर पुढं ओढून, देवळाकडे पाठ करून ती जटक्यात बसून राहिली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. पोर घाबरली आहे, कुणीतरी म्हणालं. मी त्यांच्यातच उभा होतो, नव्या सदऱ्यात. दहा पावलं पुढं जाऊन मला सांगता आलं असतं की बाळ, ती नव्हती, मी होतो. घोड्यानं मान झटकली, जटका चालू लागला, आणि माझ्यावर यायचा राग त्या देवीच्या नावावर टाकून ती निघून गेली.