दादाची सावड

माझ्या धाकट्या मामांइतका चिवट आशावादी उभ्या सांगलीत सापडायचा नाही. मेलेला माणूस कामाला येईल म्हणून वाट बघणारा दुसरा कोणी दाखवा! मूळचे कुंडलचे, नव्वदीच्या दशकात सांगलीत भाड्याची खोली घेऊन त्यांनी जुन्या कॉम्प्युटरांचा गोठा मांडला होता. गोठा हा त्यांचाच शब्द. सकाळी कुलूप काढलं की चपला बाहेर, आणि मग एकेका मशीनच्या पाठीवर थाप. एकदा एक मशीन काही केल्या सुरू होईना, तर मामांनी तोंड जवळ नेऊन विचारलं, "का रं, रुसलास व्हय?" ते सुरू झालं. मी साताऱ्याहून डिप्लोमा करून त्यांच्या हाताखाली आलो होतो. डिप्लोमात हे शिकवलं नव्हतं.

लिहिलेला प्रोग्राम मशीनला चालवता येईल असा करून घ्यावा लागतो, त्याला कंपाइल करणं म्हणतात. आमचा दूध संघाचा प्रोग्राम एवढा अवाढव्य, की एकट्या मशीनचा दिवस त्यातच जाई. मामांनी सगळी मशीनं केबलनं जोडून काम वाटून दिलं. "ही सावड हाय गड्या," ते म्हणत. "आज समद्यांनी माझ्या रानात राबायचं, उद्या तुझ्या." मशीनांना नावंही गावाकडं सावडीला येणाऱ्यांची दिलेली. यादीत पहिलं नाव दादा, म्हणजे माझे थोरले मामा. पहिलं मशीन त्यांनीच पुण्याहून एस्टीतून मांडीवर धरून आणलं होतं. ते अचानक गेले, आणि त्यांच्या मागोमाग ते मशीनही जळालं. मामांनी त्यावर दादांचा टॉवेल घालून ते कोपऱ्यात ठेवलं. केबल काढली नाही आणि यादीतलं नावही नाही. मग व्हायचं असं, की कामाचा वाटा आधी दादाकडे जाई, उत्तराची वाट बघत सगळी खोली गप्प होई, आणि शेवटी तो वाटा दुसऱ्याला मिळे. पुन्हा पुन्हा तेच. त्या शांततेत टॉवेलकडे बघायची मला भीती वाटे. मामा मात्र हात मांडीवर ठेवून निवांत बसत. "येईल. शेवटच्या सुगीला मी त्याच्या रानात राबलो. ती सावड फिटायची ऱ्हायलीया. दादा कुणाचं ठेवत न्हाई."

एके दिवशी संघाची माणसं संध्याकाळी काम बघायला येणार होती. सकाळी एक चूक सापडली, म्हणजे सगळं पुन्हा कंपाइल करणं आलं. त्यात दुपारी वीज जाणार होती, ती थेट संध्याकाळी येणार होती. ती जायच्या आत झालं नाही तर काम पुण्याच्या लोकांकडे जाणार आणि आमच्या खोलीला कुलूप. मी काकुळतीला आलो. "मामा, नाव काढा. थांबण्यातच वेळ जाईल."

"आला न्हाई म्हणून सावडीतनं कुणाचं नाव काढत न्हाईत," म्हणत त्यांनी काम सुरू केलं.

नेहमीची शांतता येणार म्हणून मी श्वास रोखला. ती आलीच नाही. पडद्यावर उमटलं: दादा, झालं. पुढचा वाटा: दादा, झालं. मामा उठले आणि त्यांनी टॉवेलवर हात ठेवला, मग माझा हात ओढून तिथे टेकवला. टॉवेल ऊबदार होता. उन्हाचा म्हणावं, तर त्या कोपऱ्यात ऊन येत नसे. मशीनची विजेची वायर मीच गुंडाळून ठेवली होती, ती तशीच होती.

"च्या सांग," मामा हळू आवाजात म्हणाले. "एक जादा."

वीज जायच्या आत काम झालं. संघाची माणसं खूश होऊन गेली. ती गेल्यावर मामांनी यादी उघडून स्वतःच्या हातानं पहिलं नाव पुसलं. "फिटली," एवढंच बोलले. जादा आणलेला चहा टॉवेलाशेजारी गार झाला होता.

त्यानंतर आमचं काम कधी अडलं नाही. पण ते सुरू झालं की मामांचे हात आपोआप मांडीवर जात, आणि ज्या शांततेला मी एवढा घाबरायचो ती आता मलाच हवीशी वाटे. एकदा असेच बसले असताना ते कोपऱ्याकडे बघत म्हणाले, "त्याच्या रानात अजून एक दीस राबायला पायजे हुतं रं मी."